पळस : एक झाड, अनेक औषधे

फेब्रुवारी संपत आला की नागपूरहून वर्धा मार्गाने निघावे. विमानतळ आणि चिंचभुवन मागे पडले की खापरीच्या आसपास मिहानचा परिसर लागतो. ‘मल्टी-मोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट अ‍ॅट नागपूर’ या लांबलचक नावाचे हे छोटे रूप आता इतके रुळले आहे की रिक्षावाल्याला नुसते ‘मिहान’ म्हटले तरी पुरते. हा प्रकल्प उभारण्यासाठी 2002 साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या गावांच्या जमिनी त्यात गेल्या. जिथे तूर, कापूस आणि ज्वारी पिकत होती, तिथे आता संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती आणि विमानदुरुस्तीचे हँगर दिसतात. याच परिसरात एम्सचे विस्तीर्ण रुग्णालय आहे. 11 डिसेंबर 2022 रोजी ते राष्ट्राला अर्पण झाले. पतंजलीच्या फूड अँड हर्बल पार्कचे भूमिपूजनही 2016 साली मिहानमध्येच झाले.

आधुनिक वैद्यक आणि वनौषधींचा कारखाना असे एकाच परिसरात आले आहेत. दोघांच्याही कुंपणाबाहेर, नागपूर जिल्ह्याच्या पडीक जमिनींवर, बांधांवर आणि नाल्याकाठी एक झाड या दिवसांत पेटलेले असते. ते झाड म्हणजे पळस.

पळस औषधी आहे, असे विदर्भात कुणीही सांगेल. खेड्यातली आजी सांगेल, वैद्य सांगतील, मोबाइलवर फिरणारे संदेश तर रोज सांगतात. पण या एका वाक्याने कुणाचे भले होत नाही, उलट कधी कधी नुकसान होते. कारण पळस हे एक औषध नाही. त्याचे फूल वेगळे, बी वेगळे, डिंक वेगळा, साल वेगळी आणि राख तर या सगळ्यांहून वेगळी. त्यातल्या एकाने पोटात थंडावा वाटेल, तर दुसऱ्याने पोटात आग पडेल. हा भेद ज्याला कळला त्यालाच पळसाचे औषध कळले, असे मला वाटते, आणि हे प्रकरण त्या भेदासाठीच लिहिले आहे.

आधी झाडाची ओळख करून घेऊ. वनस्पतिशास्त्रात त्याला ब्यूटिआ मोनोस्पर्मा म्हणतात. ते शेंगवर्गीय कुळातले, म्हणजे तूर-हरभऱ्याचे दूरचे नातलग आहे. खोड वाकडेतिकडे आणि साल खरबरीत. हिवाळ्याच्या अखेरीस पाने गळतात आणि उघड्या फांद्यांवर काळसर मखमली कळ्यांचे घोस लागतात. त्यांतून पोपटाच्या चोचीसारखी बाकदार केशरी फुले उमलतात. फुलांत मध भरपूर असतो, म्हणून मैना, बुलबुल, शिंजीर यांची दिवसभर गर्दी असते. पाने मात्र तीन-तीनच. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण वापरणारे अनेक शहरवासी आज ती पाने ओळखू शकत नाहीत, याची खंत वाटते. पत्रावळी आणि द्रोण याच पानांचे व्हायचे. कागदी आणि थर्माकोलच्या ताटल्या येण्यापूर्वी विदर्भातली लग्नाची पंगत त्यांच्यावरच उठत असे.

या झाडाचा चिवटपणा विलक्षण आहे. काळ्या चिकणमातीत, पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या खोलगट जागेत, खारवट मातीत, मुरमाड माळावर ते सगळीकडे तग धरते. गायीगुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. तोडले तर मुळांतून नवे कोंब फुटतात. त्यामुळे चराईने आणि कुऱ्हाडीने इतर झाडे संपली तरी पळस उरतो. पूर्व विदर्भाच्या महसुली कागदांत ‘झुडपी जंगल’ असा जमिनीचा एक खास प्रकार आहे. अशा जमिनींवर हमखास दिसणारे झाड पळसच.

वैद्यकाच्या ग्रंथांत या झाडाचा मान मोठा. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या भावप्रकाश ग्रंथात पलाशाची जी नावे येतात त्यांत किंशुक आणि रक्तपुष्पक ही फुलावरून, ब्रह्मवृक्ष आणि समिद्वर ही यज्ञावरून, तर क्षारश्रेष्ठ हे थेट औषधनिर्मितीवरून आलेले आहे. मुंजीत बटूच्या हातात पळसाचा दंड देतात. नवग्रहांच्या होमात चंद्रासाठी पळसाची समिधा वाहतात. म्हणजे देवघर, स्वयंपाकघर आणि औषधाचा खल या तिन्ही ठिकाणी त्याचा वावर होता. त्याहून पुढे, सुश्रुतसंहितेने औषधी द्रव्यांचे जे गण सांगितले आहेत, त्यांतल्या रोध्रादि आणि मुष्ककादि या गणांतही पलाश आहे.

आता फुलाकडे येऊ. भावप्रकाशाने झाडाला एकंदरीत उष्ण म्हटले आहे, पण फुलाला शीत. चवीला गोडसर, कडू आणि तुरट. तहान आणि दाह शमवणारे, कफ, पित्त आणि रक्तदोष कमी करणारे, लघवीच्या कष्टावर उपयोगी, असे त्याचे वर्णन आहे. ग्रंथातली ही नोंद आणि गावातली रीत इथे अगदी जुळतात. होळीच्या सुमारास फुले वेचून सावलीत वाळवतात. ती रात्री पाण्यात भिजवली की सकाळी पिवळे-केशरी पाणी मिळते. रंग खेळायला ते असतेच, पण लहान मुलांना त्या पाण्याने आंघोळ घालण्याची चाल महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी आहे. उन्हाळा बाधू नये, घामोळ्या येऊ नयेत ही त्यामागची समजूत. नागपूरसारख्या गावाला या समजुतीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. 23 मे 2013 रोजी इथे पारा 47.9 अंश सेल्सिअसवर गेला होता.

उन्हाळ्यात पाणी कमी पडले, लघवी जळजळत थेंब-थेंब होऊ लागली की आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ म्हणतात. त्यावर पळसफुलांचा फांट, म्हणजे गरम पाण्यात मुरवलेला अर्क, किंवा रात्रभर भिजवलेल्या फुलांचे गाळलेले पाणी खडीसाखर घालून देतात. लघवी अडली तर फुले वाफवून कोमट असतानाच ओटीपोटावर बांधतात. साध्या उन्हाळीत यातून आराम पडतो, यात नवल नाही. पोटात पाणी जाते, शेकाने स्नायू सैल होतात, आणि फुलांतली तुरट द्रव्ये दाह कमी करत असावीत. मात्र साठीच्या पुढच्या माणसाची लघवी पूर्ण बंद झाली तर बहुधा प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असते. अशा वेळी फुले वाफवत बसू नये, तासाभरात रुग्णालय गाठावे. तसेच ऊन लागून ताप चढला, माणूस बरळू लागला, घाम थांबला, तर अंगावर पाणी मारत त्याला तातडीने डॉक्टरकडे न्यायला हवे. फुलांचे पाणी हा उन्हाळ्यातला उपचार आहे, उष्माघातातला नव्हे.

फुलांच्या रंगामागे ब्यूट्रिन, आयसोब्यूट्रिन, ब्यूटेइन अशी फ्लॅव्होनॉइड गटातली रसायने असतात. यकृताचे रक्षण, दाह कमी करणे, रक्तातली साखर उतरवणे असे त्यांचे परिणाम प्रयोगशाळेत, मुख्यतः उंदरांवर, दिसले आहेत. ते महत्त्वाचे आहेत, पण माणसाचा मधुमेह पळसफुलांनी आटोक्यात येतो असे त्यातून सिद्ध होत नाही. साखरेची गोळी बंद करून फुलांचा काढा घेणाऱ्याला त्याची किंमत मूत्रपिंडाने आणि डोळ्यांनी मोजावी लागते.

फुलाकडून बीकडे वळले की सगळे पालटते. उन्हाळ्याच्या शेवटी पळसाला चपट्या, पिवळसर, लवदार शेंगा लागतात. शेंग पातळ, पंखासारखी, आणि टोकाला एकच चपटी तांबूस बी. तिला मराठीत पळसपापडी म्हणतात. नागपूरच्या इतवारीत काष्ठौषधीच्या दुकानात याच नावाने ती मागावी. पळसपापडीचे मुख्य काम एकच, जंत पाडणे. आयुर्वेदात तिला कृमिघ्न द्रव्यांत वरचे स्थान आहे. बी भिजवून, वरचे साल काढून, चूर्ण करून मधातून किंवा ताकातून देण्याची पद्धत ग्रंथांत आहे. कृमिमुद्गर रस या प्रसिद्ध औषधात वावडिंग, अजमोदा यांच्या जोडीला पळसपापडी असते. हे औषध पुढे विरेचन देऊन पुरे करायचे असते, कारण बिथरलेला जंत शरीराबाहेर निघून जाणे महत्त्वाचे.

ही फक्त ग्रंथांतली गोष्ट राहिली नाही. इंग्रजी अमलात येथील डॉक्टरांनी पळसपापडी सँटोनिनऐवजी वापरून पाहिली. सँटोनिन हे त्या काळचे गोलकृमींवरचे नावाजलेले पण महागडे विलायती औषध होते. 1900 साली ब्रिटिश औषधकोशाला भारत आणि वसाहतींसाठी जी पुरवणी जोडली गेली, तिच्यात पळसाची बी आणि पळसाचा डिंक हे दोन्ही अधिकृत झाले. पुढे 1960च्या दशकात भारतीय संशोधकांनी या बियांतून पॅलासोनिन नावाचे द्रव्य वेगळे काढले. ते गोलकृमींवर परिणाम करते असे आढळले. त्याची रासायनिक घडण तपासली तेव्हा ते कँथॅरिडिनचे सख्खे भावंड निघाले. कँथॅरिडिन म्हणजे फोड आणणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अंगातले विष.

हे नाते लक्षात घेतले म्हणजे बीविषयी जुने लोक इतके जपून का बोलत, ते समजते. बी वाटून लिंबाच्या रसातून गजकर्णावर लावले तर आग होते, कातडी लाल होते. त्या लेपाचा उपयोग आणि उपद्रव एकाच गुणातून येतात. पोटात जास्त गेली तर मळमळ, उलटी, पोटदुखी होते, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. जुन्या ग्रंथांत ही बी गर्भ राहू नये म्हणूनही सांगितली आहे आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत गर्भधारणेवर तिचा परिणाम दिसला आहे. म्हणून गरोदर बाईने आणि मूल हवे असलेल्या जोडप्याने पळसपापडीच्या वाटेला जाऊ नये. लहान मुलाला तर घरच्या घरी ती कधीच देऊ नये. शाळा-अंगणवाड्यांत 2015पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. त्यात अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी फुकट मिळते, एक ते दोन वर्षांच्या बाळाला तिचा अर्धा भाग. मुलासाठी हाच सुरक्षित मार्ग आहे. पळसपापडीच्या ज्ञानाचा अभिमान बाळगून मी हे लिहितो आहे. अभिमान आणि मात्रा यांची गल्लत मात्र होऊ नये.

डिंकाचा स्वभाव पुन्हा निराळा. सालीला खाच पाडली की माणकासारखा लाल रस पाझरतो आणि वाळून ठिसूळ होतो. बाभळीच्या किंवा धावड्याच्या डिंकासारखा तो चिकट आणि गोडसर नसतो, खूप तुरट असतो, कारण त्यात टॅनिन भरलेले असते. इंग्रज व्यापारी त्याला ‘बंगाल किनो’ म्हणत. जुलाब, आव, रक्त पडणे यांवर तो थोड्या मात्रेत देत. हिंदी बाजारात तो ‘कमरकस’ म्हणून विकला जातो आणि बाळंतिणीच्या लाडवांत थोडा घालतात. तुरट द्रव्य आतड्याच्या अस्तराला आवळते, स्राव कमी करते. त्यामागचा विचार एवढाच. ज्या जुलाबात शरीरातले पाणी संपते, तिथे मात्र मीठ-साखर-पाणी आधी, डिंक नंतर.

क्षाराचा विषय मला या झाडातला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण त्यात वनौषधीपासून रसायनशास्त्राकडे जाणारी वाट दिसते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अकरावा अध्याय क्षार कसा करावा याचा आहे. त्यात सांगितलेल्या झाडांत पलाश आहे. लाकूड जाळून राख करायची, राखेच्या सहापट पाण्यात किंवा गोमूत्रात ती कालवायची, एकवीस वेळा गाळायची आणि तो निवळ द्रव आटवायचा. मागे जे उरते ते लाकडातल्या पोटॅशियमचे तीव्र क्षार. सौम्य, मध्यम आणि तीक्ष्ण असे त्याचे प्रकार करून मूळव्याध, भगंदर, चामखीळ, चिघळलेल्या जखमा यांवर शस्त्राऐवजी तो लावत. चरकसंहितेत गुल्माच्या, म्हणजे पोटातल्या गाठीच्या, प्रकरणात रक्तगुल्मावर पळसाच्या क्षाराने सिद्ध केलेले तेल-तूप आहे. रसायनाच्या प्रकरणात आवळे आणि पिंपळी कोवळ्या पळसाच्या क्षारजलात भिजवायला सांगितली आहेत. भावमिश्रांनी क्षारश्रेष्ठ म्हटले ते याच परंपरेच्या जोरावर.

आज आयुर्वेद रुग्णालयांत भगंदरावर जे क्षारसूत्र बांधतात त्यात बहुधा आघाड्याचा क्षार, शेराच्या जातीतल्या निवडुंगाचा चीक आणि हळद असते, पळस नसतो. पण तत्त्व तेच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत शस्त्रक्रियेशी त्याची तुलना करून 1991 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. क्षारसूत्राने जखम भरायला सुमारे 8 आठवडे लागले, शस्त्रक्रियेने 4. पण आजार पुन्हा उलटण्याचे प्रमाण क्षारसूत्रात 4 टक्के आणि शस्त्रक्रियेत 11 टक्के होते. प्राचीन उपचाराची परीक्षा घ्यावी ती अशी. पळसाच्या फुलाला आणि बीलाही अशीच परीक्षा हवी, आणि एम्ससारखी संस्था पळसबनांच्या प्रदेशात असताना ती नागपुरात व्हावी ही अपेक्षा रास्त आहे.

एक औषध या झाडावर एका कीटकाकडून येते. पळसाच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे पोसतात. गोंदिया-भंडाऱ्याकडे पळसावर लाख घेणारे शेतकरी आहेत. तीच लाख आयुर्वेदात लाक्षा म्हणून येते. मोडलेल्या हाडासाठी दिला जाणारा लाक्षादि गुग्गुळ तिच्याशिवाय होत नाही. पळस तोडला तर हे औषधही तुटते.

पळसाच्या नावावर जे घातक आहे ते सांगायलाच हवे. पळसाच्या मुळाचा अर्क डोळ्यात घातला की मोतीबिंदू विरघळतो, असे मोबाइलवर फिरते. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले गढूळ झालेले भिंग. कुठल्याही थेंबाने ते पुन्हा स्वच्छ होत नाही, ते काढून कृत्रिम भिंग बसवावे लागते. निर्जंतुक नसलेला अर्क बुबुळाला जखम करून उरली-सुरली नजरही घालवू शकतो. मोतीबिंदू आणि मधुमेह बरा करण्याच्या औषधांची जाहिरात 1954च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने मुळातच निषिद्ध आहे. गरोदर बाईने दुधात पळसाचे पान वाटून घेतले तर पराक्रमी मुलगा होतो, असेही जुने वचन सांगितले जाते. मुलगा की मुलगी हे गर्भ राहतो त्याच क्षणी बापाच्या गुणसूत्राने ठरलेले असते. या वचनाचा प्रचार अज्ञान तर आहेच, शिवाय 1994च्या लिंगनिवड प्रतिबंध कायद्याच्या विरोधातही आहे.

तिसरा प्रकार पांढऱ्या पळसाचा. क्वचित एखाद्या पळसाला पांढरट किंवा पिवळी फुले येतात. त्याला गुप्तधनाशी आणि मंत्रतंत्राशी जोडून लोक त्याची मुळे खणतात, साल ओरबाडतात. रंग कमी असणे हा फुलाचा जन्मजात फरक आहे, औषधी गुण त्याने वाढत नाहीत. दुर्मीळ झाड मात्र या हव्यासापायी मरते.

आता पुन्हा मिहानच्या परिसराकडे. 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतली झुडपी जंगले वन संरक्षण कायद्याच्या दृष्टीने जंगलच आहेत, असा निर्णय दिला. ज्या जमिनीला कागदावर अनेक वर्षे निरुपयोगी झुडुपांची जमीन मानले गेले, तिला संरक्षण मिळाले. पळसासाठी ही मोठी गोष्ट आहे. पण जे पळस बांधावर, खासगी पडीकावर, रस्त्याच्या रुंदीकरणाच्या रेषेत उभे आहेत त्यांना हा निर्णय वाचवत नाही. नवे रस्ते झाले की दुभाजकांत आणि आवारांत शोभेची परदेशी झाडे लागतात. याच मातीत, बिनपाण्याने, 47 अंशांतही जगणारा पळस मात्र बाहेर राहतो.

त्याला आत आणणे अवघड नाही. शेंगा मे-जूनमध्ये झाडाखाली पडतात. बी जुनी झाली की उगवत नाही, म्हणून त्याच वर्षीची घ्यावी. पहिल्या पावसानंतर ती थेट जागेवरच पेरावी, कारण सोटमूळ झपाट्याने खोल जाते आणि उशिरा पिशवीतून काढलेले रोप रुसते. पहिली एक-दोन वर्षे वणव्यापासून आणि तणापासून सांभाळावे. मिहानमध्ये ज्यांच्याकडे आवार आहे, मग ती कंपनी असो, वसाहत असो की रुग्णालय, त्यांनी येत्या जूनमध्ये निदान दहा पळस लावावेत. आणि पोटात घेण्याचा प्रश्न आला तर झाडाचा कुठला भाग आणि किती, हे पदवीधर वैद्यांना विचारल्याशिवाय काहीही घेऊ नये.